काळी दोनचं फंक

घरात पेटी असेल तर काळी दोनला सा धरा आणि सप्तकातल्या पाच काळ्या पट्ट्यांवरच बोटं फिरवा. पांढऱ्या पट्टीला हात लावायचा नाही. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. रागसंगीत ऐकणारा माणूस दोन मिनिटांत म्हणेल, हा तर धानी. बँडमधला कीबोर्डवाला म्हणेल, ही ई फ्लॅट मायनर पेंटॅटॉनिक, आणि त्याची बोटं आपोआप एका ठरावीक गाण्याकडे वळतील. ते गाणं म्हणजे स्टीव्ही वंडरचं ‘सुपरस्टिशन’. १९७२ साली ‘टॉकिंग बुक’ या अल्बममध्ये आलं आणि जानेवारी १९७३मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं.

हे गाणं बँडसाठी लिहून काढायचं काम एकदा माझ्या गळ्यात पडलं. आम्ही आठ जण, सगळे नोकऱ्या सांभाळून वाजवणारे: ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड, ट्रम्पेट, आल्टो सॅक्स, टेनर सॅक्स आणि ट्रॉम्बोन. गायिका नववी. “तू नोटेशन काढ, रविवारी बसवू,” असं ठरलं. स्वर तर पाचच आहेत, त्यात काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. त्या रविवारी काही ते बसलं नाही. पुढचे तीन गेले.

गंमत अशी की मूळ गाण्यात बँड जवळजवळ नाहीच. ड्रम स्टीव्ही वंडरनं वाजवलेत. बेस त्यानंच, मूग सिंथेसायझरवर. तो कुरकुरीत, दाताखाली चुरमुरा फुटावा तसा वाजणारा आवाज क्लॅव्हिनेटचा, तेही त्याचंच. गाणारा अर्थात तोच. बाहेरची माणसं दोन, ट्रम्पेटवर स्टीव्ह मॅडाइओ आणि टेनर सॅक्सवर ट्रेव्हर लॉरेन्स. रेकॉर्डिंग न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत झालं, सिंथेसायझरची बाजू सांभाळायला माल्कम सेसिल आणि रॉबर्ट मार्गोलेफ होते. वंडर तेव्हा बावीस वर्षांचा होता. सुरुवातीच्या ड्रमच्या ठेक्याबद्दल गिटारवादक जेफ बेकनं सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे: तो स्टुडिओत रिकाम्या वेळी ड्रमवर उगाच काहीतरी वाजवत बसला होता, वंडर आत आला आणि म्हणाला, थांबू नकोस. पुढे त्या ठेक्यावर गाणं उभं राहिलं, पण ध्वनिफितीवर ड्रम स्वतः वंडरनंच वाजवले.

नोटेशन काढणाऱ्यासाठी ही नुसती रंजक माहिती नाही. एकच माणूस एकावर एक थर चढवत गेला की प्रत्येक थरात त्याच्याच शरीराचा तोल येतो. ड्रमवर तो जिथे कणभर रेंगाळतो, तिथेच क्लॅव्हिनेटवरही रेंगाळतो, कारण रेंगाळणारा हात एकाचाच आहे. आता हे गाणं आठ जणांना द्यायचं म्हणजे एका माणसाची आठ जणांत वाटणी करायची. कोण काय वाजवणार हे ठरवणं त्यातलं सोपं काम. कोण कधी गप्प बसणार आणि कुणाचा स्वर किती आखूड असणार, हे ठरवताना खरा घाम निघतो.

हे गाणं फंक, आणि फंकमध्ये चाल दुय्यम असते. प्रत्येक वाद्य थोडंफार ड्रमसारखं वागतं. या वळणाचं मोठं श्रेय गायक जेम्स ब्राऊनकडे जातं. त्याचं १९६७चं ‘कोल्ड स्वेट’ सिनसिनाटीच्या किंग स्टुडिओत रेकॉर्ड झालं. त्याचा सॅक्सवादक आणि अरेंजर पी वी एलिस यानं नंतर सांगितलं, की ब्राऊननं त्याला बोलावून घेतलं आणि हुंकारत, घशातून आवाज काढत एक बेसची ओळ ऐकवली. एलिसनं त्या हुंकारांतून स्वर शोधून कागदावर आणले आणि फुंकवाद्यांच्या ओळीसाठी माइल्स डेव्हिसच्या ‘सो व्हॉट’चा आधार घेतला. म्हणजे फंकचा पाया घातला जात असताना तिथेही एक जण कान देऊन बसला होता आणि पेन्सिलीनं लिहीत होता. ब्राऊन आपल्या माणसांना सतत ‘वन’ सांभाळायला सांगायचा. मापाची पहिली मात्रा. मधे काय वाटेल ते करा, पण तिथे सगळे एकत्र या. तबला ऐकलेल्या माणसाला ‘सम’ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

तर ड्रम. ‘सुपरस्टिशन’ साधारण मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत आहे. एका मापात चार ठोके, प्रत्येकाचे चार भाग, म्हणजे सोळा घरं. एक घर ०.१५ सेकंदाचं. मोठा ड्रम चारही ठोक्यांवर पडतो आणि स्नेअर दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर. हे लिहिताना माझ्या लक्षात आलं, की सोळा घरं मोजली तर स्नेअर पाचव्या आणि तेराव्या घरात येतो. तीनतालात टाळ्या कुठे आहेत? पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर. ‘वन’ आणि दोन स्नेअर हाताला टाळ्या म्हणून लागतात. नवव्या घरात आपली खाली असते, तिथे मात्र मोठा ड्रम न लाजता वाजतो. यातून अमेरिकेचा आणि तीनतालाचा काही संबंध आहे असं मुळीच नाही. पण तबल्यावर वाढलेल्या आमच्या ड्रमरला मी हे दाखवलं आणि त्यानं मोजणं सोडून वाजवायला सुरुवात केली.

मोठा ड्रम आणि स्नेअर लिहायला पाच मिनिटं लागतात. हाय-हॅटला दोन संध्याकाळी गेल्या. वंडरची काठी हाय-हॅटवर यंत्रासारखी चालत नाही. मधेच दोन जवळचे ठोके येतात, मधेच एक पोकळी राहते, आणि प्रत्येक मापात हे थोडं वेगळं असतं. शिवाय सोळा घरं कागदावर सारखी आखली तरी कानाला ती सारखी लागत नाहीत. प्रत्येक जोडीतलं पहिलं घर जरा लांब, दुसरं जरा आखूड. यालाच ‘स्विंग’ म्हणतात. ते जसंच्या तसं लिहायचं म्हटलं तर पान काळंकुट्ट होतं आणि ड्रमर ते बघून घरी जातो. म्हणून रीत अशी, की घरं सारखीच लिहायची आणि पानाच्या डोक्यावर एक शब्द टाकायचा, ‘स्विंग’. मी चार मापांचा हाय-हॅट अक्षरशः उतरवला आणि खाली लिहिलं, ‘पुढे याच धाटणीनं’. हा आळस नाही. पाचव्या मापापासून पुढचं प्रत्येक माप तंतोतंत लिहिलं असतं तर ड्रमरनं वंडरच्या चुकांचीही पाठांतरं केली असती.

ऐकायचं कसं, याबद्दल थोडं. पूर्वी नोटेशन काढणारे ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १६⅔ वर लावायचे. वेग बरोबर निम्मा व्हायचा आणि सूर एक सप्तक खाली जायचा, पण जलद पलट्यातले स्वर सुटे व्हायचे. आता फोनवरचं फुकटचं अ‍ॅपही सूर न उतरवता गाणं सावकाश करून देतं, आणि ड्रम, बेस, आवाज वेगळे करून देणारी सॉफ्टवेअरही आली आहेत. मी ती वापरतो. तरी माझा अनुभव असा, की शेवटी हेडफोनचा एक कान काढून, एकच बाजू ऐकत, तेच दोन सेकंद तीस वेळा फिरवण्याला पर्याय नाही. आणि जे ऐकू येतं ते आधी तोंडानं म्हणून पाहायचं. तोंडानं म्हणता येत नसेल तर ते आपण ऐकलेलंच नाही, असं खुशाल समजावं.

आता क्लॅव्हिनेट, या गाण्याचा जीव. होनर या जर्मन कंपनीसाठी एर्न्स्ट झकारियास या तंत्रज्ञानं हे वाद्य १९६०च्या दशकात घडवलं, ते क्लॅव्हिकॉर्ड या जुन्या युरोपीय घरगुती वाद्यावरून सुचलेलं. साठ पट्ट्या, साठ तारा. पट्टी दाबली की तिच्याखालचं रबरी टोक तार खालच्या धातूच्या तुकड्यावर दाबतं, तार वाजते आणि इलेक्ट्रिक गिटारसारखे पिकअप तो आवाज उचलतात. तारांच्या एका टोकाला लोकर गुंफलेली असते. बोट उचललं की त्या लोकरीमुळे तार तिथल्या तिथे मुकी होते. या वाद्यात स्वराचा शेवटही असा ठोक्यासारखा ऐकू येतो. पट्टी कधी दाबली याच्याइतकंच ती कधी सोडली हे महत्त्वाचं. त्यामुळे लिहिताना प्रत्येक विश्रांतीचं चिन्ह तोलून टाकावं लागतं. आपल्याकडच्या कीबोर्डवाल्यांना स्वर धरून ठेवायची सवय असते, उजवा पाय सस्टेन पेडलवर आपसूक जातो. आमच्या पानावर पहिली सूचना हीच लिहिली: पेडल काढून ठेवणे.

पण कीबोर्डवाला एकच, आणि मूळ ध्वनिफितीत क्लॅव्हिनेटचे थर अनेक. मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी ओळ, खालच्या सावर पाय रोवते आणि वर उसळ्या मारत राहते. तिच्या फटींतून दुसरे, तिसरे हात काहीतरी टिपत असतात, त्यातले कित्येक ठोके तर धड स्वरही नाहीत, नुसती टकटक. मी आधी हे सगळं दोन हातांत कोंबायचा प्रयत्न केला. वाजवता येत होतं, ऐकवत नव्हतं. मग वाटणी केली. मुख्य रिफ कीबोर्डला दिली. फटींतली टकटक गिटारला: डाव्या हाताची बोटं तारांवर सैल ठेवायची, स्वर उमटू द्यायचा नाही, उजव्या हातानं नुसतं खरवडायचं. नोटेशनमध्ये यासाठी गोलाऐवजी फुलीचं डोकं काढतात. क्लॅव्हिनेट ही मुळात पट्ट्या लावलेली, पिकअप बसवलेली तारच, त्यामुळे गिटारला हा वेश चांगला शोभतो. जेफ बेकनं बोगर्ट आणि अ‍ॅपिस यांच्याबरोबर १९७३च्या अल्बममध्ये हेच गाणं गिटार, बेस आणि ड्रम अशा तिघांत वाजवलं आहे, तेही एक अरेंजमेंटच. दणकट आहे. मला त्यात लोकरीनं मुका होणारा तो स्वर फार आठवतो.

बेसचा घोळ वेगळा. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन. आपला सा ई फ्लॅट, अर्ध्या स्वरानं तिच्याखाली. सिंथेसायझरला याचं काही नाही, तो कितीही खाली जातो. बेसवाल्यापुढे तीन वाटा असतात. सा वरच्या सप्तकात वाजवायचा, म्हणजे गाण्याचा पायाच पहिल्या मजल्यावर. किंवा पाच तारांचा बेस आणायचा, ज्याची खालची तार बी पर्यंत जाते. किंवा चारही तारा अर्धा स्वर उतरवायच्या आणि त्याच्या हातात ई मायनरचं पान द्यायचं: तो वाजवतो ई, ऐकू येतो ई फ्लॅट. गिटारवाल्यांमध्ये ही तिसरी वाट जुनीच आहे. स्टीव्ही रे वॉनची गिटार कायम अर्धा स्वर उतरवलेली असायची आणि १९८६च्या ‘लाइव्ह अलाइव्ह’मध्ये त्यानं हेच गाणं वाजवलं आहे. आमच्या बेसवाल्यानं मित्राचा पाच तारांचा बेस उसना आणला. गिटार मात्र उतरवली.

म्हणजे आतापर्यंत एकाच गाण्याची दोन पट्ट्यांतली पानं झाली. फुंकवाद्यांकडे वळलो की आणखी दोन वाढतात, आणि इथेच माझी फजिती झाली.

पहिल्या तालमीला मी सगळ्यांना एकच पान वाटलं. ई फ्लॅट मायनर, सहा फ्लॅट, सुबक छापलेलं. एक-दोन-तीन-चार म्हटलं आणि जो कल्लोळ उठला, तो आठवला की अजून कानशिलं तापतात. कीबोर्डचा सा काळी दोन. ट्रम्पेट आणि टेनरचा काळी एक. आल्टोचा काळी तीन. तीन ठिकाणी तीन षड्ज लागले होते, आणि प्रत्येक जण पानावर लिहिलेलं अगदी बरोबर वाजवत होता.

कारण असं. ट्रम्पेटवाला ज्याला सी म्हणतो, तो पेटीवर सी नसतोच, ती काळी पाच असते. म्हणून त्या वाद्याला बी फ्लॅट ट्रम्पेट म्हणतात. टेनर सॅक्सही बी फ्लॅटचा, शिवाय आणखी एक सप्तक खाली. आल्टोचा सी म्हणजे काळी दोन. वेगवेगळ्या आकाराचे सॅक्स वाजवताना बोटांची रचना तीच राहावी, वादकाला एकावरून दुसऱ्यावर जाता यावं, या सोयीसाठी ही पद्धत आहे. युरोपीय संगीत शिकणाऱ्याला ती डोकेदुखी वाटते, कारण त्याच्या डोक्यात सी म्हणजे सी, जगाच्या अंतापर्यंत. आपल्याला खरं तर ती सोपी जायला हवी. आपला सा कुठेही बसतो. गायिका काळी चारला गाते, गायक पांढरी एकला, दोघंही साला साच म्हणतात. ही फुंकवाद्यं आपापल्या साला सी म्हणतात, इतकंच.

हिशेब मग सरळ होतो. ट्रम्पेट आणि टेनरला एक स्वर वर लिहायचं: ई फ्लॅट मायनर ऐकू यायला हवं असेल तर पानावर एफ मायनर, चार फ्लॅट. आल्टोला सी मायनर, अवघे तीन फ्लॅट. ट्रॉम्बोन जसं ऐकू येतं तसंच वाचतो, पण खालच्या सुरांच्या बेस क्लेफमध्ये, त्याच्या नशिबी सहाच्या सहा फ्लॅट. पाच काळ्या पट्ट्यांवर कीबोर्डवाल्याला जे घरच्यासारखं वाटतं, ते ट्रॉम्बोनवाल्याला वाचताना काट्यांत हात घातल्यासारखं होतं. आजची सॉफ्टवेअर हे रूपांतर एका टिचकीत करून देतात. ती टिचकी मी मारली नव्हती.

मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत हे काम वर्षानुवर्षं झालं, टिचकीशिवाय. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा, आणि व्हायोलिनपासून ट्रम्पेटपर्यंत प्रत्येकाचं पान हातानं लिहिणारे बहुतेक गोव्याचे असायचे, चर्चच्या संगीतशाळांत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, घोटून आलेले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते, १९५१च्या ‘अलबेला’त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. चाल सरगममध्ये जन्मली आणि पाच रेघांवर लिहिली गेली, असा तो संसार. त्यांच्या हातची पानं फारशी उरलेली नाहीत, रेकॉर्डिंग संपलं की त्यांचं काम संपलं, असंच त्यांच्याकडे बघितलं गेलं. मला ही आपल्या संगीताची मोठी हानी वाटते.

परत फुंकवाद्यांकडे. मूळ गाण्यात दोघंच, आमच्याकडे चौघं. चार माणसं समोर दिसली की अरेंजरला सगळ्यांना वेगवेगळे स्वर देऊन कॉर्ड उभा करायचा मोह होतो. मी तो केला आणि गाणं लग्नाच्या हॉलमधल्या स्वागतगीतासारखं वाजू लागलं. मुख्य ओळीत सगळ्यांनी एकच स्वर वाजवावा, फार तर सप्तकाचा फरक. धारदार राहतं. कॉर्डची जागा एकच, कडव्याच्या शेवटाकडे, जिथे गाणं साचा उंबरा सोडून पंचमावर, बी फ्लॅटवर जातं, अर्धा स्वर वर चढतं, परत येतं आणि अर्ध्या अर्ध्या पायरीनं खाली घसरतं. तिथे चौघांना कॉर्डमधले वेगवेगळे स्वर दिले. कॉर्ड अख्खाच्या अख्खा सरकतो, त्यामुळे प्रत्येकानं फक्त आपल्या जागेवरून अर्धा स्वर वर, मग खाली जायचं. पाच काळ्या पट्ट्यांबाहेर गाणं इथेच खरं पाऊल टाकतं, म्हणून तिथे गर्दी शोभते.

एक अडचण कागदावर दिसत नाही: कीबोर्डला श्वास लागत नाही. क्लॅव्हिनेटची एखादी ओळ ट्रम्पेटला द्यायची तर तिच्यात फुप्फुसाची सोय करावी लागते. मी स्वल्पविरामासारखं चिन्ह टाकून श्वासाच्या जागा दाखवल्या आणि दोन ठिकाणी एकेक स्वर सरळ गाळला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कायद्याचंही सांगायला हवं. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचनेची अरेंजमेंट किंवा ट्रान्सक्रिप्शन करणं हे ‘रूपांतर’ धरलं आहे आणि तो हक्क मालकाचा असतो. घरी शिकण्यासाठी, कान तयार करण्यासाठी लिहिणं ही एक गोष्ट. ती पानं विकायची किंवा छापायची असतील तर परवानगी हवी, आणि जाहीर कार्यक्रमात गाणं वाजवायचं असेल तर परवान्याची चौकशी आयोजकाकडे आधीच करावी.

चौथ्या रविवारी गाणं बसलं. तोवर माझ्या पानांवरचं बरंच खोडलं गेलं होतं. ट्रॉम्बोनला पहिल्या कडव्यात आता काहीच नाही, नुसती विश्रांतीची चिन्हं, आणि तो ती पाय न हलवता मोजतो. गिटारवाला दोन मापं वाजवतो, दोन सोडतो.

तुम्ही हे किंवा असं दुसरं फंकचं गाणं बसवायला घेणार असाल तर माझं एवढं ऐका: पहिल्या तालमीला फक्त ड्रम, बेस आणि कीबोर्डला बोलवा. तिघांचं एक माप नीट लागेपर्यंत तेच फिरवत राहा. फुंकणाऱ्यांना दुसऱ्या रविवारी बोलवा, आणि बोलावण्याआधी त्यांची पानं कोणत्या पट्टीत छापली आहेत ते एकदा बघा.